अठरा जणांचं गाणं

गाणं सगळ्यांना पाठ आहे. भाऊजींचं नाव सगळ्यांना पाठ आहे. डफ कोण वाजवायचं असं कुणालाही विचारून बघा, डोकं खाजवत बसतील. बरंच आहे म्हणा. मी त्या गाण्यात नेमकं काय केलं ते लोकांना कळलं असतं, तर मला कुणी दारात उभं केलं नसतं.

भाऊजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचा नवरा. आता ते कवी आहेत, गायक आहेत, माजी मंत्री आहेत, आणि गेल्या तीन महिन्यांपासून खिडकीजवळच्या पलंगावर उजवी बाजू लुळी पडलेले म्हातारे आहेत. मी ओळखायला लागलो तेव्हा ते काचकारखान्याच्या फाटकावर हजेरी कारकून होते. कानावर पेन्सिल, पुढ्यात वही, आणि येणाऱ्या प्रत्येकाच्या टोपणनावाची एक फिरकी ठरलेली. मी आत बाटल्या गवतात गुंडाळून खोक्यांत भरायचो. सुट्टीच्या दिवशी आम्ही दोघं कुणाच्या लग्नात, कुणाच्या निरोपसमारंभात गायचो. ते गायचे, मी डफ वाजवायचो. हौस म्हणून, दुसरं काय.

गाणी करायची आमची एक रीत होती. भाऊजी ताईच्या स्वयंपाकघरात येरझाऱ्या घालत शब्द जुळवायचे आणि मी तेलाचा रिकामा डबा पालथा घालून त्यावर ठेका धरायचो. एखादा शब्द ठेक्यात अडखळला की मी म्हणायचो, "बसत नाही." मी बसत नाही म्हटलं की भाऊजींनी तो टाकायचा. वाद नाही, रुसणं नाही. कित्येकदा मी त्यांच्या लाडक्या ओळी अशा उडवल्या, आणि खरं सांगतो, मजा यायची. फाटकावर मी त्यांच्यापुढं मान खाली घालून उभा राहायचो, इथं त्यांनी माझ्या तोंडाकडे बघायचं.

मग भट्टी फुटली. दुपारच्या पाळीला. बाटल्या चोरीला जातात म्हणून मालकांनी भट्टीखान्याच्या दाराला बाहेरून कुलूप लावायची पद्धत पाडली होती, आणि ज्याच्याकडे चावी तो जेवायला गेला होता. मी, भाऊजी आणि आणखी दहाजण पहारींनी ते दार ठोकत होतो, आणि आतून दुसरे ठोकत होते. मग आतलं ठोकणं थांबलं. त्यापुढचं मी सांगणार नाही. ओळख पटेल असं काही उरलं नव्हतं, एवढं पुरे.

आत एकोणीस जण होते. हे मी वर्तमानपत्रातलं सांगत नाही, पाळी भरताना भाऊजींनी स्वतःच्या हातानं मांडलेलं सांगतोय. दुसऱ्या दिवशी हजेरीची वही गायब झाली. मालकांची माणसं म्हणाली, आत सहा-सात जण असतील, बाकीचे त्या दिवशी कामावर आलेच नव्हते. एरवी भाऊजी मवाळ माणूस. त्या दिवशी त्यांनी चहाचा कप भिंतीवर फेकला.

"वही नेली ना? नेऊ दे. हजेरी मी गाण्यात मांडतो. गाणं कुठं नेतील?"

तीन दुपारी डबा बडवला. एका ओळीत दोन माणसं, आणि ओळीच्या शेवटी ते दार.

वकील गेला, बोका गेला, दार कुणी उघडेना
घड्याळ गेला, डावरा गेला, दार कुणी उघडेना

वकील म्हणजे आमच्यातला सगळ्यात भांडखोर. घड्याळ म्हणजे खिशात घड्याळ नसताना अचूक वेळ सांगणारा. वर्षानुवर्षं वापरून गुळगुळीत झालेली नावं ती, ठेक्यात पटापट बसत गेली. नऊ ओळी झाल्या. अठरा माणसं झाली.

एकोणिसाव्याला टोपणनावच नव्हतं. ठेकेदारानं आणलेला पंचविशीचा गडी, कामाला लागून अकरा दिवस झालेले. अकरा दिवसांत माणसाला टोपणनाव पडत नाही. आणि खरं नाव हे एवढं लांब. त्या दिवशी त्याच्याकडे हातमोजे नव्हते म्हणून मी माझे दिले होते, एवढीच आमची ओळख. ते हातात चढवत तो आत गेला आणि मागं दार लागलं, हे मी या डोळ्यांनी पाहिलं.

भाऊजींनी ते नाव चार तऱ्हांनी म्हणून पाहिलं. ओढून पाहिलं, तोडून पाहिलं.

मी म्हटलं, "बसत नाही."

"माणूस आहे रे तो."

"असेल. मी कुठं नाही म्हणतो? पण बसत नाही. आणि कोंबला तरी एकटा पडतो. जोडीला कोण? ओळ लंगडते. आज आहे एवढं म्हणा, त्याचं उद्या बघू."

पण आमची रीत होती ना. भाऊजींनी मान डोलावली.

उद्या कसलं कपाळाचं! त्याच संध्याकाळी कारखान्यापुढच्या मैदानात, शोकसभेत, गाणं म्हटलं. तिसऱ्या ओळीपासून 'दार कुणी उघडेना' सगळं मैदान म्हणू लागलं. दुसऱ्या दिवशी सकाळी दूधवाला तेच गुणगुणत सायकल मारत होता, शाळेच्या भिंतीवर कुणीतरी कोळशानं नऊच्या नऊ ओळी लिहिल्या होत्या. गाणं आमच्या हातून सुटलं होतं. लोक बोटांवर नावं मोजायचे, अठरा, आणि एक जरी चुकलं तरी भांडायला उठायचे.

पाचव्या दिवशी एकोणिसाव्याची आई आली. दोन गाड्या बदलून, हातात मुलाचा फोटो घेऊन. फाटकावर तिला सांगितलं, या नावाचा कुणी इथं कामाला नव्हताच. ठेकेदार तर केव्हाच पसार झाला होता. मग कुणीतरी तिला म्हणालं, मैदानात जा, तिथं रोज संध्याकाळी सभा असते, हजेरी कारकुनानं सगळ्यांची हजेरी गाण्यात मांडलीय, जो आत होता तो त्यात आहेच, टोपणनावं जुन्यांची, नवा गडी असला तर खऱ्या नावानं येईल.

ती आली आणि अगदी पुढं बसली. ती कोण ते मला ठाऊक नव्हतं. एक बाई प्रत्येक नावाला अंग चोरतेय आणि नाव संपलं की श्वास सोडतेय, एवढं दिसत होतं. अठरावं नाव झालं, गाणं संपलं, तशी ती उठून भाऊजींकडे धावली. त्यांचे दोन्ही हात धरून एकाच वेळी रडायला आणि हसायला लागली.

"माझा नाही त्यात! वाचला हो! अकराच दिवस काम केलं त्यानं, टिकला नसणार, गेला असेल निघून. घरातूनही एकदा असाच न सांगता गेला होता मेला. येईल परत."

आणि तिनं फोटो पुढं केला. भाऊजींनी फोटो पाहिला. मग माझ्याकडे पाहिलं. मी डफाची दोरी सैल करत होतो. सैल करायची काहीएक गरज नव्हती.

तेव्हाच बोलायला हवं होतं. एक वाक्य, बास. तिचा तो चेहरा बघून बोलवेना असं आम्ही नंतर एकमेकांना सांगितलं. खोटं नव्हतं ते. पण पुरतं खरंही नव्हतं. हजारो माणसं टाळ्या वाजवत होती आणि आम्हाला त्या टाळ्या हव्या होत्या.

पुढं काय, कारणं मिळत गेली. कारणांना काय तोटा! मालकांची माणसं गाणं खोटं म्हणून ओरडत होती, एक नाव राहिलं असं कबूल केलं असतं तर बाकीची अठराही उडवली असती. चौकशी बसली. भाऊजींना शपथेवर विचारलं, आत किती जण होते? ते म्हणाले, "गाण्यात आहेत तेवढे." मी मागच्या बाकावर मूग गिळून बसलो होतो. त्या गाण्यावर ते निवडून आले. दुसऱ्यांदा आले ते मंत्रीच झाले. कारखान्याच्या जागी मेलेल्यांच्या नावांची भिंत बांधायचं ठरलं. कचेरीतल्या साहेबांनी यादी मागितली, वही तर नाहीच, मग कुणीतरी गाण्यावरून एकेका टोपणनावामागचं खरं नाव उतरवून काढलं आणि भाऊजींनी खाली सही ठोकली. भिंत खुली झाली त्या दिवशी म्हातारीनं, म्हणजे त्या फोटोवाल्या आईनं, प्रत्येक नावावरून बोट फिरवलं, आणि माणसांच्या घोळक्यातून वाट काढत भाऊजींपाशी येऊन म्हणाली, "दगडातही नाही हो माझा."

भाऊजी त्या दिवशी घरी येऊन मोरीत ओकले. ताईला म्हणाले, ऊन लागलं.

त्यानंतर त्यांनी एक धड गाणं केलं नाही. पुस्तकं मात्र काढली. चंद्र, नदी, आई. आईवर तर काही विचारूच नका, पंचवीस कविता! बक्षिसं मिळाली, शाली मिळाल्या. पण पालथ्या डब्यावर ठेका धरायला मला पुन्हा कधी बोलावलं नाही. मीही गेलो नाही.

जुनं गाणं मात्र दर सभेत व्हायचं आणि त्याला डफ माझाच असायचा. त्यात त्यांनी एकच बदल केला होता. नऊ ओळी झाल्या की एक अख्खी ओळभर तोंड मिटून उभे राहायचे. मला सांगून ठेवलं होतं, "तिथं नुसता ठेका चालू ठेव, मग शेवटची थाप दे." लोक त्या गप्प ओळीला माना खाली घालायचे. माझं डोकं फिरायचं. मनात म्हणायचो, पुढारी झाल्यापासून नाटकं बरी जमायला लागली तुम्हाला.

म्हातारी आपल्या गावी परत गेलीच नाही. तेव्हा ती म्हातारी नव्हती, शेहेचाळीस वर्षांची होती. मुलगा काम शोधत इथंच येणार, मग मी इथंच सापडायला हवी, असं म्हणून तिनं बस स्टँडच्या मागं एक खोली घेतली आणि स्टँडच्या कॅन्टीनमध्ये भांडी घासायला लागली. एकतीस वर्षं. गुरुवारी तिला सुट्टी असायची, त्या दिवशी ती ताईकडे येऊन बसायची. मुलाला जिवंत ठेवणारं घर होतं ना ते! ताई तिला चहा द्यायची, दोघींच्या गप्पा रंगायच्या. भाऊजींची कामं नेमकी गुरुवारीच निघायची.

आणि आता ही अशी गत. एका सकाळी दाढी करताना वस्तरा हातातून पडला आणि पाठोपाठ तेही पडले. डॉक्टर म्हणाले, बोलणं गेलं. पाणी हवं असलं तरी 'पाणी' म्हणता येणार नाही. पण गाणं डोक्यात वेगळ्या कप्प्यात असतं म्हणे, ते कधीकधी राहतं.

राहिलं. एका दुपारी त्यांनी एकदम सुरू केलं, वकील गेला, बोका गेला. शब्द न् शब्द लख्ख. ताईला रडूच फुटलं. मी धावत जाऊन डफ आणला. नऊ ओळी झाल्या, गप्प ओळ आली, आणि भाऊजी गप्प राहिले नाहीत.

पाहुणा गेला, अकरा दिसांचा, हातमोजे उसने

माझा हात चालूच होता, तो कसा चालू राहिला ते मला सांगता येणार नाही. म्हणजे इतकी वर्षं हा माणूस तोंड मिटून ही ओळ म्हणत होता, आणि तिला ठेका मीच देत होतो. आणि बसत होती हो! एक मात्रा इकडची तिकडे नव्हती. टोपणनाव नव्हतं तर पाहुणा म्हणायचं. जोडीला माणूस नव्हता तर त्याचे दिवस घालायचे. इतकं सोपं होतं. आणखी एक दुपार डबा बडवायचा होता फक्त.

"पाहुणा कोण?" ताईनं विचारलं. मी सगळं सांगितलं. ती पलंगाच्या कडेला बसली.

"दर गुरुवारी मी तिला हातानं चहा दिला रे," ती म्हणाली. "तुम्ही दोघांनी मला कुठल्या तोंडानं बसवलंत तिच्यापुढं?"

मग थोड्या वेळानं डोळे पुसून ती पुन्हा या घराची बाई झाली. "परवा ती येणार. तिला बघून हे पुन्हा गायला लागले तर? तुझा भाचा निवडणुकीला उभा आहे, ते जाऊ दे चुलीत. तिचं बघ. सत्त्याहत्तर वर्षांची आहे. त्या एका आशेवर उभी आहे. या वयात कशाला तिचा जीव घ्यायचा? तू नववी ओळ झाली की लगेच शेवटची थाप दे. थापेवर थांबतील ते."

खरंच थांबायचे. आम्ही दोनदा करून पाहिलं. थाप पडली की तोंड मिटायचं, बटण दाबून दिवा घालवावा तसं. मला ते बरं वाटलं, हे कबूल करतो. ताईचं म्हणणं पटलं असं मी स्वतःला बजावलं.

गुरुवारी दुपारी म्हातारी आली. स्टुलावर बसली. साबणाच्या पाण्यानं तिची बोटं कायमची सुरकुतलेली, नखं झिजून आत गेलेली. तिनं भाऊजींच्या लुळ्या हातावरून हात फिरवला.

"मागच्या गुरुवारी यायला जमलं नाही," ती म्हणाली. "पोरगी गेली माझी."

ताईनं हातातली बशी खाली ठेवली. "काय सांगता! कशानं?"

"वर्षभर आजारीच होती. बोलवत होती सारखी. चार दिवस ये म्हणायची, नुसती उशाशी बस म्हणायची. मी म्हणायचे, अगं बाई, मी तिकडं आणि हा नेमका इकडं येऊन उभा राहिला तर? खोलीला कुलूप बघून आल्या पावली परत गेला तर? पुन्हा कुठं शोधू?"

"शेवटीही गेला नाहीत?" मी विचारलं.

"नाही गेले." तिनं माझ्याकडे पाहिलं, जशी काही मी तिला शाबासकी देणार होतो. "समजूतदार होती. भावासाठीच थांबलीय आई, हे तिला कळत होतं."

भाऊजींचे ओठ हलायला लागले. ताईनं मला डोळ्यांनी खुणावलं. म्हातारी स्टूल पुढं ओढत म्हणाली, "म्हणू द्या त्यांना. आज मला ऐकायचंच आहे. ऐकलं की बरं वाटतं. अठरा जण होतात आणि तो येत नाही."

मी डफ घेतला. वकील गेला, बोका गेला. म्हातारी बोटांवर मोजत होती, तोंडानं भाऊजींच्या बरोबर पुटपुटत होती. पाचवी ओळ. सहावी. सातवी, आठवी. नववी ओळ संपली आणि थापेसाठी माझा हात वर गेला.

खाली आणायचा, एवढंच काम. पण माझ्या डोळ्यांसमोर मी कधी न पाहिलेली ती पोरगी होती, दाराकडे बघत पडलेली. एक बाई आमच्या 'उद्या बघू'वर मेली होती. आता या म्हातारीलाही त्या उद्याच्याच हवाली करायचं? मी थाप दिली नाही. हलक्या हातानं ठेका चालू ठेवला, आणि ताईनं "अरे!" म्हणेपर्यंत भाऊजी म्हणून गेले होते.

पाहुणा गेला, अकरा दिसांचा, हातमोजे उसने

गाणं संपलं. म्हातारीची मोजणारी बोटं तशीच वर राहिली होती.

"अकरा दिवस," ती म्हणाली. मग म्हणाली, "मोजे कुणाचे?"

"माझे."

"म्हणजे तू पाहिलंस त्याला."

"आत जाताना."

"आणि यांनी?"

"यांनीच हजेरी मांडली त्याची."

तिनं मान हलवली, रस्ता विचारल्यावर कुणी नीट सांगितला की हलवतात तशी. मला वाटलं ओरडेल, शिव्याशाप देईल, डफ हिसकावून माझ्या टाळक्यात घालेल. घालायलाच हवा होता. ताई भिंतीला टेकून तोंडावर हात दाबून उभी होती. म्हातारी अगदी नेहमीच्या आवाजात म्हणाली, "मग मला पोरीकडे का जाऊ दिलं नाहीत?"

काय सांगणार होतो? तुमचा मुलगा ठेक्यात बसत नव्हता, हे?

भाऊजींच्या डाव्या डोळ्यातून पाणी गळत होतं. त्यांना किती कळलं, देव जाणे. ते काहीतरी सांगायला धडपडत होते, चांगला हात चादरीवर आपटत होते, घशातून नुसता घरघर आवाज येत होता. आणि अखेर तोंड उघडलं तेव्हा तेच बाहेर आलं. वकील गेला, बोका गेला. त्या माणसाजवळ दुसरा शब्दच उरला नव्हता. मला ते ऐकवेना. त्यांना गप्प करायला मी थापेसाठी हात उगारला.

म्हातारीनं माझं मनगट धरलं. भांडी घासून दगड झालेला हात तो, मला हलवता येईना.

"थांबवू नकोस," ती म्हणाली. "येईल तो आता."